क्लच गेला की गिअरबॉक्स? जुन्या मारुती 800 चं दुखणं ओळखायचं कसं

"दुसरा गिअर टाकताना कर्रकन आवाज येतो." जुनी मारुती 800 सांभाळणाऱ्या माणसाने गॅरेजमध्ये जाऊन एवढं वाक्य उच्चारलं, की त्याला तीन ठिकाणी तीन उत्तरं मिळतात. एक जण म्हणतो क्लच प्लेट गेली. दुसरा म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. तिसरा म्हणतो, जुनी गाडी आहे, असंच चालायचं. गाडीवाला बिचारा गोंधळून जातो, कारण क्लच आणि गिअरबॉक्स या दोन्ही गोष्टी त्याने कधी डोळ्यांनी पाहिलेल्या नसतात.

ही गाडी 14 डिसेंबर 1983 रोजी पहिल्यांदा ग्राहकाच्या हाती पडली आणि तिचं उत्पादन जानेवारी 2014 मध्ये थांबलं. तीस वर्षांत 25 लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या. त्यातल्या कितीतरी अजून आपल्या आसपास आहेत, कोकणातल्या अंगणात, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कापड पांघरून. 2021 मध्ये जुन्या गाड्या भंगारात काढण्याचं केंद्राचं स्क्रॅपिंग धोरण आलं आणि 'आता ही गाडी ठेवायची की काढायची' हा प्रश्न घराघरांत निघाला. खासगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची असते आणि गाडी तपासणीत पास झाली तर ती पुढे पाच-पाच वर्षं वाढवून मिळते. म्हणजे गाडी ठणठणीत असेल तर मुद्दा मिटला. पण याच वळणावर कोणीतरी 'गिअरबॉक्सचं मोठं काम आहे' असं सांगतं, आणि घरातली चांगली गाडी भंगारात जाते.

मला हे बघवत नाही, म्हणून हा लेख. माझं म्हणणं एकच आहे. गिअरचं दुखणं पुष्कळदा गिअरबॉक्सच्या बाहेर असतं. पायाखालच्या पेडलपासून तपासत निघायचं आणि गिअरबॉक्सपाशी सगळ्यात शेवटी पोहोचायचं. यातलं बरंचसं काम घरासमोर, पाना न उचलता होतं.

क्लच म्हणजे फुगडीतले हात

इंजिन एकदा सुरू झालं की फिरतच राहतं. चाकांना मात्र सिग्नलला थांबावं लागतं. फिरणारं इंजिन आणि थांबलेली चाकं यांना हवं तेव्हा जोडणारी आणि हवं तेव्हा सोडवणारी वस्तू म्हणजे क्लच.

फुगडी आठवा. दोघींचे हात घट्ट धरलेले असले की दोघी एकाच वेगाने फिरतात. हाताला घाम आला की पकड निसटते, एक जोरात ओढते आणि दुसरी मागे पडते. आणि थांबायचं असताना एकीने हात सोडलेच नाहीत, तर दुसरी इच्छा नसताना फरफटत फिरते. क्लचचे सगळे आजार या दोन प्रकारांत बसतात. धरायचं तेव्हा धरत नाही, किंवा सोडायचं तेव्हा सोडत नाही.

आता प्रत्यक्षातल्या वस्तू. इंजिनाच्या टोकाला एक जड लोखंडी चकती असते, ते फ्लायव्हील. तिच्या समोर प्रेशर प्लेट, तिला मागून बोटांसारख्या पट्ट्यांची स्प्रिंग रेटत असते. या दोघींच्या मध्ये पातळ क्लच प्लेट दाबलेली असते, दोन तव्यांच्या मध्ये भाकरी ठेवावी तशी. क्लच प्लेटच्या दोन्ही अंगांना ब्रेकच्या लायनरसारखा खरखरीत थर असतो आणि तिच्या मधल्या दातेरी भोकातून गिअरबॉक्सची दांडी जाते. तुम्ही पेडल दाबता तेव्हा केबल ओढली जाते, केबल एक लिव्हर फिरवते, लिव्हर रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, आणि बेअरिंग त्या स्प्रिंगच्या बोटांवर दाब देऊन प्रेशर प्लेट किंचित मागे घेतं. हा 'किंचित' शब्द महत्त्वाचा आहे. प्लेटच्या दोन्ही बाजूंना जी फट पडते ती मिलिमीटरहूनही कमी असते. केबलमध्ये थोडी ढिलाई आली तरी ही फट पुरेशी पडत नाही आणि क्लच अर्धवट सुटतो.

हाफ क्लच म्हणतो ना आपण, ती म्हणजे निसटत्या हातांची फुगडी. गाडी हलवताना ती दोन क्षण लागतेच. चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी थोपवून धरली, की प्लेट घासत राहते आणि तापते.

गिअर पडतो म्हणजे काय होतं

गिअर कशाला लागतात हे सायकल चालवलेल्याला सांगावं लागत नाही. चढ आला की पाय भराभर फिरावेत पण जोर कमी लागावा, सपाटीवर पाय सावकाश फिरावेत आणि सायकल पळावी, हीच गरज गाडीची. आपल्याला समजून घ्यायचाय तो बदलण्याचा क्षण.

चालत्या एसटीत चढणारा माणूस काय करतो? आधी तिच्या बाजूने चार पावलं धावतो. त्याचा आणि गाडीचा वेग जुळला की दांडी धरून सहज आत जातो. जागच्या जागी उभं राहून दांडी धरली तर खांदा निखळेल. गिअरबॉक्समध्ये हे धावण्याचं काम सिंक्रोनायझर करतो. ती पितळी रंगाची कडी असते. दोन भागांचे दात एकमेकांत बसण्याआधी ती घासून त्यांचे वेग जुळवते. वेग जुळला की गिअर लोण्यासारखा पडतो.

पण समजा, त्या धावणाऱ्या माणसाच्या कमरेला मागून कोणी दोरी बांधून ओढत असेल तर? तो कितीही धावला तरी वेग जुळणार नाही. क्लच नीट सुटला नाही की नेमकं हेच होतं. छोट्याशा कडीला फक्त क्लच प्लेट आणि एक दांडी यांचा वेग बदलायचा असतो, त्याऐवजी तिला अख्ख्या इंजिनाशी झटावं लागतं. ती हरते, दात दातांवर आपटतात, आणि आपल्याला 'कर्र' ऐकू येतं. आवाज गिअरबॉक्समधून आला, पण गुन्हेगार क्लच आहे. आणि हे वर्षभर असंच चालू दिलं तर ती कडी खरोखरच झिजते. मग पाच मिनिटांच्या केबल अ‍ॅडजस्टमेंटचं काम गिअरबॉक्स खोलण्यापर्यंत जातं.

रिव्हर्सला ही कडी नसते. रिव्हर्स गाडी पूर्ण थांबल्यावरच टाकायचा असतो, म्हणून तिथे वेग जुळवणारं कोणी ठेवलेलं नाही. म्हणूनच रिव्हर्स हा क्लचचा सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार आहे.

पहिली परीक्षा: इंजिन बंद, मग इंजिन चालू

सपाट जागी गाडी उभी करा. हँडब्रेक ओढा, चाकांना विटा लावा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि एकेक गिअर टाकून बघा. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, रिव्हर्स. एखादा गिअर दातावर दात आल्यामुळे अडला तर न्यूट्रलमध्ये या, क्लच एकदा सोडून परत दाबा, किंवा गाडी वीतभर पुढे ढकला आणि पुन्हा टाका. गिअरची दांडी कुठे अडते, किती जोर लागतो, हे हाताला लक्षात ठेवू द्या.

आता न्यूट्रलमध्ये इंजिन सुरू करा. गरम होऊन आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता संथ फिरण्यावर, आलं की क्लच पूर्ण दाबा, मनात पाच अंक मोजा आणि सावकाश रिव्हर्स टाका.

क्लच नीट सुटत असेल तर त्या पाच सेकंदांत प्लेट फिरायची थांबलेली असते आणि रिव्हर्स मुकाट पडतो. कर्रकर्र झालं तर प्लेट अजून फिरतेय, म्हणजे क्लच सुटत नाही. इंजिन बंद असताना सगळे गिअर अलगद पडतात आणि चालू असताना पडत नाहीत, असं असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचं कारण नाही. दोष पेडल, केबल किंवा क्लचमध्ये शोधा. इंजिन बंद असतानाही दांडी अडत असेल तर क्लचचा संबंध बहुधा नाही. मग दांडीपासून गिअरबॉक्सपर्यंतचे सांधे, आणि ते ठीक निघाले तरच गिअरबॉक्सचं पोट.

एवढ्या एका परीक्षेने निम्मी वाट स्पष्ट होते. मेकॅनिककडे जाऊन "गिअर अडकतो" म्हणण्याऐवजी "इंजिन बंद असताना सगळे पडतात, चालू असताना रिव्हर्स ओरडतो" असं सांगा. चांगला मेकॅनिक तेवढ्यावरून थेट केबलकडे वळतो.

केबल: सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित

800 चा क्लच केबलवर चालतो. सायकलच्या ब्रेकसारखीच रचना, बाहेर नळी आणि आत तारांची वळलेली दोरी. एक टोक पेडलला, दुसरं गिअरबॉक्सवरच्या लिव्हरला. त्या दुसऱ्या टोकाला आटे असतात आणि त्यावर अ‍ॅडजस्टिंग नट.

गाडीत बसा आणि पेडल पायाने नाही, हाताने दाबा. सुरुवातीला थोडं अंतर ते अगदी हलकं जातं आणि मग एकदम जड लागतं. ते हलकं अंतर म्हणजे पेडलचा 'प्ले'. साधारण दीड ते अडीच सेंटिमीटर असावा. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो, तोच धरा.

प्ले जास्त असेल तर पेडलचा बराच प्रवास ढिलाई भरण्यातच जातो, क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर ओरडतात. प्ले अजिबात नसेल तर बेअरिंग स्प्रिंगवर कायम टेकलेलं राहतं, प्लेट कधीच पूर्ण दाबली जात नाही, क्लच घसरतो आणि बेअरिंगही अकाली जातं. एकाच नटमुळे दोन अगदी उलट आजार होऊ शकतात. अ‍ॅडजस्ट करताना 'थोडं अजून घट्ट' करत गेलात तर गिअर छान पडू लागतील आणि महिन्याभरात घाटात गाडी ओढणं बंद करेल.

इथे एक गोष्ट बहुतेकांना उलटी वाटते. वस्तू झिजली की ढिली होते असं आपण धरून चालतो. केबलच्या क्लचमध्ये प्लेट झिजली की प्ले कमी होतो. प्लेट पातळ झाली की प्रेशर प्लेट फ्लायव्हीलच्या आणखी जवळ सरकते, तिच्या स्प्रिंगची बोटं उलट्या दिशेने, बेअरिंगकडे येतात, आणि मधली मोकळी जागा खाल्ली जाते. पेडल पूर्वी अर्ध्यावर 'धरायचं', आता अगदी वर आल्यावर धरतं, अशी तक्रार येते ती याचमुळे. म्हणजे दर काही महिन्यांनी नट ढिला करावा लागत असेल तर प्लेट संपत आलीय. आणि उलट, नट सारखा आवळावा लागत असेल तर केबल ताणली जातेय किंवा तिच्या तारा तुटताहेत.

तुटणाऱ्या तारा बघायच्या तर बॉनेट उघडून लिव्हरकडचं टोक टॉर्चने पाहा. एकदोन तारा केसासारख्या बाहेर आलेल्या दिसल्या तर केबल बदला. ती एक दिवस सिग्नलवर तुटणार, आणि तुटते तेव्हा एका क्षणात तुटते. पेडल जड झालं असेल तर केबल आतून गंजलीय. समुद्रकाठच्या गाड्यांना हे लवकर होतं. मग कोणाला तरी पेडल दाबायला सांगा आणि बॉनेटखालून इंजिनच्या मागचा पत्रा बघा, जिथून केबल आत जाते. पेडल दाबताना तो पत्राच वाकत असेल, गंजून मऊ झाला असेल, तर पायाचा निम्मा जोर पत्रा वाकवण्यात जातोय. नवी केबल टाकूनही फरक पडत नाही तेव्हा हे कारण आवर्जून तपासा.

आणि आता एक कारण जे फार थोडे जण बघतात. नवी केबल वारंवार खराब होतेय, टोकाशी प्लॅस्टिक वितळल्यासारखं दिसतंय? बॅटरीची अर्थिंग पट्टी तपासा. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी ही पट्टी गंजली किंवा सुटली, तर स्टार्टरचा मोठा करंट परतीची दुसरी वाट शोधतो. क्लचची केबल लोखंडी आहे, एका बाजूला बॉडीला आणि दुसऱ्या बाजूला इंजिनाच्या धडाला टेकलेली आहे. करंट तिच्यातून जातो, ती तापते आणि आतलं अस्तर वितळतं. क्लच जड होण्याचं कारण बॅटरीच्या वायरमध्ये असू शकतं हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी थक्क झालो होतो.

दांडी ते गिअरबॉक्स

800 चं इंजिन आडवं बसवलेलं आहे आणि गिअरबॉक्स त्याला जोडून पुढेच आहे. तुमच्या हातातली दांडी मात्र दोन सीटच्या मध्ये. या दोघांना जोडणारे लांब रॉड गाडीच्या पोटाखालून जातात आणि त्यांच्या सांध्यांत रबराचे आणि प्लॅस्टिकचे बुश असतात. पाणी, चिखल, खडी, सगळं तिथेच उडतं.

आमच्या घरची 800 ही 1997 ची. बाबांनी घेतली, मी तिच्यावर शिकलो. काही वर्षांपूर्वी तिचा तिसरा गिअर सापडेनासा झाला. दांडी न्यूट्रलमध्येही ताकातल्या रवीसारखी फिरायची. एका गॅरेजमध्ये सांगितलं, गिअरबॉक्स उतरवून खोलू. बाबांनी गाडी काढून टाकायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग आमच्या गल्लीतल्या एका वयस्कर मेकॅनिकने गाडी रॅम्पवर चढवून खालून रॉड हाताने हलवून दाखवला. सांध्यातला बुश झिजून कागदासारखा पातळ झाला होता आणि त्याचा एक तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. करंगळीच्या नखाएवढा, काळा, चिखलाने माखलेला. बुश बदलले, सांध्यांना ग्रीस लागलं, आणि त्या संध्याकाळी तिसरा गिअर पहिल्या प्रयत्नात पडला. आम्ही वर्षानुवर्षं तिथे ग्रीस लावलंच नव्हतं.

हे घरी ओळखायचं तर इंजिन बंद ठेवून दांडी न्यूट्रलमध्ये डावीकडे-उजवीकडे हलवा. ती मोकळी हलणारच, पण तिला मधे येऊन थांबायची जागा असते. ती जागा जाणवत नसेल, किंवा गिअरमध्ये टाकूनही दांडी चार बोटं लटपटत असेल, तर बुश बघा. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका. भक्कम स्टँड किंवा रॅम्प हवाच.

इंजिनाचे माउंटिंगही याच तपासणीत पाहा. ही रबराची गादी फाटली की इंजिन आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्स पुढेमागे झुलतो, पण गिअरची दांडी गाडीच्या तळाला बांधलेली असते. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की गिअर आपोआप न्यूट्रलमध्ये येतो, म्हणजे आपल्या भाषेत 'गिअर उडतो', त्यामागे कधीकधी हेच असतं. माउंटिंग आणि रॉड ठीक असूनही एकच ठरावीक गिअर उडत असेल, तर दोष आतल्या दातांत किंवा गिअरला जागेवर धरणाऱ्या छोट्या स्प्रिंगमध्ये आहे, आणि मग खोलण्यावाचून इलाज नाही.

इंजिन ओरडतंय, गाडी पळत नाही

हा फुगडीतला घामेजलेला हात. टॉप गिअरमध्ये चाळीसच्या आसपास जाताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही. चढावर हे आधी जाणवतं, सोबत जळकट वास येतो.

खात्री करायची तर सपाट मोकळ्या जागी, समोर कोणी नसताना, हँडब्रेक घट्ट ओढून आणि चाकांना विटा लावून, तिसऱ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच धरतोय. चालूच राहिलं तर घसरतोय, ताबडतोब पेडल दाबा. ही परीक्षा एकदाच करा, पुन्हापुन्हा केली तर चांगली प्लेटही जळते.

घसरतोय म्हटल्यावर लगेच नवी प्लेट नको. आधी प्ले तपासा, कदाचित केबल फार घट्ट असेल. प्ले ठीक असेल तर प्लेट झिजलीय किंवा तिच्यावर तेल आलंय. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत त्या जागेखाली रात्रभर पुठ्ठा ठेवा. डाग काळपट असेल तर इंजिनाच्या मागच्या सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कडीतून, गळणारं ऑइल, उग्र गंधकासारखा वास असेल तर गिअर ऑइल. सील न बदलता नवी प्लेट टाकली तर तीही थोड्याच दिवसांत तेलाने माखेल. गाडी सुटताना अंगभर थरथरते तेव्हाही हेच तेल, किंवा फाटलेलं माउंटिंग, किंवा तापून डाग पडलेलं फ्लायव्हील कारणीभूत असतं.

कान काय सांगतात

इंजिन चालू, गिअर न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवर नाही. एकसारखी घरघर येतेय आणि पेडल दाबताच थांबते? गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. उलट, एरवी शांत आणि पेडल दाबलं की किर्रर्र? रिलीज बेअरिंग. पहिल्याचं काम गिअरबॉक्स खोलून, दुसऱ्याचं क्लचसोबत होतं. दोन्ही आवाज सारखेच वाटतात, पेडल दाबून बघितल्याशिवाय वेगळे करता येत नाहीत.

"नवा क्लच टाकला, तरी गिअर ओरडतोच!"

ही तक्रार फार ऐकू येते आणि ती खरी असते. बऱ्याचदा केबल नव्या प्लेटप्रमाणे परत लावलेली नसते. नवी प्लेट जाड असते, जुन्या झिजलेल्या प्लेटला जुळवलेला नट तिला चालत नाही. दुसरं कारण बसवतानाचं आहे. गिअरबॉक्स परत चढवताना त्याचं वजन क्षणभर जरी प्लेटच्या मधल्या भोकावर लटकलं, तरी प्लेट किंचित वाकते. वाकलेली प्लेट मिलिमीटरहून लहान फटीत कुठे तरी घासणारच. कधी प्लेट उलटी बसते, कधी दातेरी भोकात ग्रीस अजिबात नसतं आणि ती गिअरबॉक्सच्या दांडीवर सरकत नाही. कधी फार ग्रीस लावलेलं असतं आणि ते उडून लायनरवर जातं. लिव्हरचा आतला काटा झिजला असेल तर बाहेर नट कितीही फिरवा, आत प्रवास पुरत नाही.

"नुसती प्लेट बदलली तर पैसे वाचतील ना?"

प्लेटपर्यंत पोहोचायला गिअरबॉक्स उतरवावाच लागतो, आणि मुख्य मजुरी त्याचीच असते. प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग एकदम बदला. बेअरिंगचे थोडे पैसे वाचवायचे आणि सहा महिन्यांनी तीच मजुरी पुन्हा द्यायची, हे परवडत नाही. उतरवलेलंच आहे तर इंजिनाचं मागचं सील आणि फ्लायव्हीलचा पृष्ठभागही बघून घ्या.

"जाड ऑइल घातलं की आवाज जातो म्हणतात"

आवाज दबतो. बेअरिंग तसंच झिजत राहतं. शिवाय पितळी कडीला काम करायला तेलाचा थर कापून घासावं लागतं. जाड तेलात तिला ते जमत नाही आणि सकाळी थंड गाडीत गिअर आणखी अडतात. पुस्तिकेत सांगितलेलंच गिअर ऑइल वापरा. काही ऑइलमधली रसायनं पितळाला मानवत नाहीत, म्हणून 'गिअर ऑइल सगळं सारखंच' हे खरं नाही. सकाळी पहिले दोन किलोमीटर गिअर जड आणि मग ठीक, असं होत असेल तर आधी ऑइलच बदलून बघा. जुनं ऑइल पांढऱ्या भांड्यात काढा आणि उन्हात धरा. थोडी करडी लोखंडी भुकटी जुन्या गाडीत असतेच. पिवळी चमक भरपूर दिसली तर ती त्या कड्यांची आहे, आणि तेव्हा गिअरबॉक्स खोलायचा सल्ला देणारा मेकॅनिक बरोबर आहे.

पावसाळाभर उभी राहिलेली गाडी

गावाकडे जूनमध्ये झाकून ठेवलेली गाडी दिवाळीला सुरू केली आणि एकही गिअर पडेना, पेडल मात्र व्यवस्थित, अशी वेळ आली तर घाबरू नका. दमट हवेत फ्लायव्हीलवर गंज चढतो आणि प्लेट त्याला चिकटून बसते. मोकळ्या मैदानात गाडी नेऊन, इंजिन गरम करून बंद करावं, पहिल्या गिअरमध्ये टाकून, क्लच दाबलेला ठेवूनच स्टार्टर मारावा. गाडी लगेच पुढे जाणार हे गृहीत धरा आणि समोर भरपूर जागा ठेवा. चालत्या गाडीत क्लच दाबलेलाच ठेवून अ‍ॅक्सिलरेटर दाबत-सोडत राहिलं, की बहुतेक वेळा 'टक' होऊन प्लेट सुटते. नाहीच सुटली तर मात्र गिअरबॉक्स उतरवावा लागतो. महिन्यातून एकदा कोणी शेजाऱ्याने गाडी सुरू करून क्लच चारदा दाबला असता तर हे टळलं असतं, एवढं सोपं आहे ते.

जुनी प्लेट मागून घ्या

क्लच बदललाच तर जुनी प्लेट गॅरेजमध्ये सोडून येऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणा आणि उजेडात नीट बघा. लायनर रिव्हेटच्या डोक्यापर्यंत घासून गेला असेल तर ती आपलं आयुष्य पुरं जगली. लायनर जाड आहे पण आरशासारखा गुळगुळीत आणि निळसर काळा झालाय, तर ती जळलीय. घरात कोण हाफ क्लचवर गाडी चालवतं किंवा केबल कोणी घट्ट केली होती ते आठवा. चिकट काळा थर असेल तर मेकॅनिकला फोन करून विचारा, सील बदललं का? एकाच बाजूला जास्त झीज असेल तर फ्लायव्हील किंवा प्रेशर प्लेट वाकडी होती. मधल्या छोट्या स्प्रिंगांपैकी एखादी तुटून आपल्या खाचेत खुळखुळत असेल, तर गाडी सुटताना जो 'खट्' आवाज यायचा तो तिचाच.

आमच्या जुन्या प्लेटवर रिव्हेटच्या भोवती गोल चकाकते ओरखडे होते, पूर्ण झिजलेली. बाबांनी ती ओट्यावर ठेवून बोटाने लायनरची उरलेली जाडी चाचपली, मग गाडीच्या जुन्या वहीत तारीख आणि किलोमीटर लिहिले, आणि खाली नव्या क्लचचा प्ले किती ठेवलाय तो आकडा.